महापरसादचं नाव

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. फौजेच्या भीतीने नाही आणि कायद्याच्याही नाही. ती भीती होती तेव्हा पोटभर होती, आता माझ्याजवळ घाबरून जपावं असं फारसं काही उरलेलं नाही. आमच्याकडे महापरसादचं नाव घेत नाहीत, आणि तो माझा महापरसाद आहे. होता, असं म्हणायला हवं बहुतेक. पण ही नाती मोडत नाहीत असं म्हातारी माणसं सांगतात, म्हणून मीही अजून आहे असंच म्हणतो.

गोंदियाच्या ज्या टोकाला छत्तीसगडी बोली घराघरांत शिरलेली आहे, तिथे दोन मित्र ठरवून एकमेकांचे सोयरे होतात. पुरीला गेलेला कोणीतरी जगन्नाथाचा वाळवलेला भात पुडीत बांधून आणतो. चार म्हाताऱ्यांसमोर दोघं तो भात एकमेकांच्या तोंडात घालतात, नारळ फुटतो, दुपट्ट्यांची अदलाबदल होते. त्या दिवसापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ‘महापरसाद’ म्हणायचं. भेटलं की ‘सीताराम महापरसाद’. त्याची आई ती आपली फूलदाई, बाप तो फूलबाबू. ती माणसं गेली तर आपणही डोकं भादरायचं. जात आडवी येत नाही. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तसंच हे. गावात हे साम्य कोणाच्या मनात येत नाही. माझ्या मात्र आलं, आणि खरं सांगतो, फार गोड वाटलं.

मी कामठ्याकडचा. आम्ही पोवार. पूर्वज माळव्यातून आले हे आमच्या प्रत्येक लग्नात कोणीतरी उठून सांगतोच, जणू परवाच बैलगाडी सोडली. घरी धानाची शेती, बऱ्यापैकी. आमच्याकडची पोरं भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात ती नोकरीसाठी. मी पळालो तो गावातून सुटायला. मला पोरींबद्दल काही वाटत नाही हे मला मिसरूड फुटायच्या आधीच कळलं होतं. लग्नाच्या गोष्टी सुरू व्हायच्या आत कुठेतरी लांब जावं, एवढीच अक्कल तेव्हा होती. लांब म्हणून गेलो ते नेमका अशा ठिकाणी, जिथे रात्रंदिवस पुरुषांमध्येच राहायचं आणि त्यांच्याकडे बघायचं मात्र नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तो मला जेवणाच्या रांगेत सापडला. वर उत्तरेत, बर्फातल्या ठाण्यावर, सगळी रांग हिंदीत शिव्या देत असताना मागून कोणीतरी म्हणालं, “काऊन बे, धक्का देऊन राहिला.” मी ताट घेऊन तसाच वळलो. दरेकश्याकडचा गोंडाचा पोरगा. बाप जंगलखात्याच्या कामावर मजुरीला, आई उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची. काळा, सडपातळ, हसताना डावीकडचा एक अर्धा दात दिसायचा. मी चिडका माणूस आहे. माझं कोणाशी लवकर जमत नाही. त्याच्याशी रांग संपायच्या आत जमलं.

फौजेत प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात, त्याला बडी म्हणतात. एक झोपला की दुसऱ्याने जागायचं, एकाचा पाय सुजला की दुसऱ्याने बूट काढायचा. आमच्या सुभेदार साहेबांनी दोघं एकाच जिल्ह्याचे म्हणून आम्हाला बडी केलं. त्यांनी ते सोयीसाठी केलं. बाकीचं आमचं आम्ही केलं, हळूहळू, खूप घाबरत. त्याबद्दल इथे सविस्तर लिहिण्याची मला इच्छा नाही. एवढंच सांगतो, की बंकरमधल्या बुखारीचं, म्हणजे शेगडीचं, रॉकेल संपलेलं असतानाही मी त्या हिवाळ्यात सुखी होतो. तसा सुखी मी त्याआधी नव्हतो, त्यानंतरही झालो नाही.

पुरुषाने पुरुषाजवळ जाणं गुन्हा ठरवणारा तो जुना कायदा कोर्टाने मोडीत काढला, ती बातमी आम्ही ठाण्यावरच्या टीव्हीवर पाहिली. सगळे हसत होते. एकाने कमरेवर हात ठेवून चालून दाखवलं. सर्वांत मोठ्याने मी हसलो. तो हसला नाही, चहाचा मग घेऊन बाहेर गेला. सुभेदार साहेबांनी टीव्ही बंद केला आणि सांगितलं, बाहेर काय चालतं ते बाहेर, आपला कायदा वेगळा आहे. म्हणजे गावातल्या पोरांना जी मोकळीक मिळाली ती आम्हाला नाही. अर्थात गावातल्या पोरांना तरी काय मिळालं होतं? कामठ्यात कोर्टाचा निकाल वाचून आईबाप बदलत नाहीत.

महापरसादाची कल्पना त्याची. आम्ही दोघं एकत्र सुट्टीवर येत होतो. नागपूर गेल्यावर डबा रिकामा झाला तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, त्यांच्या गावचा एक म्हातारा पुरीला जाऊन आलाय. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उठून त्याच्या बाजूला जाऊन बसलो.

माझ्या वडिलांनी दोन दिवस कुरकुर केली. गोंडाशी महापरसाद? आईने त्यांना निकालात काढलं. ती नागऱ्याच्या महादेवाला माझ्यासाठी नवस बोलून बसलेली होती, पोराला तिकडे बर्फात कोणीतरी सख्खं मिळू दे म्हणून. देवाने ऐकलं, आता जात काय बघता, असं ती पोवारी बोलीत बरंच काही बोलली. मग आम्ही सगळे दरेकश्याला गेलो. अंगण शेणाने सारवलं होतं. म्हाताऱ्याने पुडी सोडली. भात वाळून खड्यासारखा झालेला. बडीने माझ्या जिभेवर चार दाणे ठेवले, मी त्याच्या. त्याच्या आईने दोघांना ओवाळलं, माझ्या आईने दोघांच्या कपाळाला टिळा लावला. म्हातारा म्हणाला, “आजपासून एकमेकांचं नाव नाही घ्यायचं. सुखात नाही, दुखात नाही. मेल्यावरही नाही.”

माझी आई आनंदाने रडत होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. जे तिला कधीच सांगता येणार नव्हतं, ते ती स्वतःच्या हाताने टिळा लावून पुरं करत होती.

नंतरच्या दोन सुट्ट्या मी अजून दिवस मोजून आठवतो. त्याच्या घरी गेलो की फूलदाई पडवीत आमच्या खाटा शेजारी शेजारी टाकायची. एकदा उकाडा म्हणून मी माझी खाट अंगणात ओढली तर तिने मलाच झापलं, भांडण झालं का म्हणून. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आम्ही एकसारखे शर्ट घालून फिरलो आणि लोक कौतुकाने म्हणाले, बघा, महापरसाद असावे तर असे. ज्या गोष्टीसाठी फौजेने आमचे पट्टे काढून घेतले असते, ती गाव आम्हाला पाहुणचारासकट देत होतं. गावाला माहीत नव्हतं, एवढंच. मला वाटायचं, आयुष्य असं काढता येईल. वर्षभर तिकडे मेल्यासारखं राहायचं आणि सुट्टीत इकडे यायचं. याहून जास्त मी मागितलं नव्हतं.

चूक झाली ती अशी, की ही गावची गोष्ट आम्ही तिकडे घेऊन गेलो. त्यात डाव नव्हता, मस्ती नव्हती. नियम म्हणजे नियम. भात खाल्ला, आता नाव कसं घेणार? आमच्याकडचा कोणीही हेच करेल. तो मला महापरसाद म्हणायचा, मी त्याला. ठाण्यावर बाकी सगळे हरियाणाचे, पंजाबचे, कोल्हापूर-साताऱ्याचे. त्यांनी हा शब्द देवळाबाहेर ऐकलेला नव्हता. आधी नुसती चेष्टा झाली, प्रसाद वाटा म्हणून. मग मी लान्स नायक झालो. सकाळच्या गिनतीत माझ्या टोळीतली नावं मला पुकारावी लागायची. सगळ्यांची पुकारायचो, त्याच्या जागी फक्त नंबर म्हणायचो. एका हवालदाराच्या ते लक्षात आलं. तो हसत हसत सगळ्यांना म्हणाला, “बीवी की तरह है, नाम ही नहीं लेता.”

त्याने विनोद केला होता. पण विनोदाला पाय फुटले. बंकर, बडी, एकत्र सुट्ट्या, मोबाईलमधल्या फोटोतले एकसारखे शर्ट, सगळं लोकांनी पुन्हा आठवून बघितलं आणि ते नीट जुळलं. वर कोणी लेखी काही दिलं नाही. फक्त आम्ही आलो की गप्पा थांबायला लागल्या.

सुभेदार साहेबांनी दोघांना बोलावलं. दुपारची वेळ, बाहेर बर्फ वितळून छपरावरून टपटपत होतं. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांना वर काही पाठवायचं नव्हतं. त्यांना प्रकरण तिथेच मिटवायचं होतं. मी त्यांना आमच्याकडची रीत समजावून सांगू लागलो, पुरीचा भात, म्हातारे, फूलदाई. माझ्याच कानांना ते सगळं खोटं वाटत होतं. त्यांनी हात वर केला. “फौज में कोई महापरसाद नहीं होता. एक-दूसरे का नाम लो और जाओ. बात खतम.”

साधी गोष्ट होती. दोन शब्द. मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. मी हट्टी आहे म्हणून नाही. त्याचं नाव घेणं म्हणजे, आमच्यात काही नाही असं बोलणं होतं, आणि मला ते साधलंच नाही. साहेब माझ्याकडे बघत होते, मी भिंतीवरच्या नकाशाकडे.

तेव्हा माझ्या शेजारून त्याचा आवाज आला. सावधानमध्ये उभा राहून, समोर बघत, त्याने माझं नाव घेतलं. नंबर, रँक, नाव, बापाचं नाव, आडनाव. कवायतीच्या मैदानावर देतात तसं, खणखणीत. मग म्हणाला, “मैं इनको इसी नाम से जानता हूँ साहब. और कोई रिश्ता नहीं.”

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. त्याने आम्हाला दोघांनाही वाचवलं, हे मला तेव्हाही समजत होतं. नोकरी गेली असती, बदनामी गावापर्यंत गेली असती, त्याच्या बापाला त्या गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. तो बरोबर होता. तरी माझं नाव त्याच्या तोंडून ऐकताना मला जे वाटलं, ते कोणी गोळी घातली असती तरी वाटलं नसतं.

मला हुकूम न पाळल्याबद्दल जादा पहारे मिळाले, त्याला दुसऱ्या कंपनीत पाठवलं. जाण्याआधी पाण्याच्या टाकीपाशी आमची गाठ पडली. तो कॅन भरत होता. मी म्हटलं, “महापरसाद.” त्याने नळ बंद केला.

“तो शब्द आता बोलू नको,” तो म्हणाला.

“गावातबी?”

“गावातबी. फौजी सगळीकडं असतेत. कोनाच्या कानावर गेलं तर माहा बाप मरून जाईल.” मग कॅन उचलत त्याने परत माझं नाव घेतलं आणि म्हणाला, “मले माफ कर.”

त्यानंतर त्याचं लग्न झालं. मुलगी सालेकश्याकडची, त्यांच्याच समाजातली, कमी बोलणारी, नजर मात्र तेज. महापरसाद म्हणून मी नवरदेवाशेजारी बसलो, ते माझं कामच होतं. मांडवात त्याने माझ्याकडे पाणी मागितलं तेव्हा सगळ्यांसमोर नावाने हाक मारली. जवळच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फूलदाई हसून म्हणाली, फौजेत राहून पोरगा साहेब झाला, रीतभात विसरला. मी पाणी दिलं. माझ्या आईने मला त्या मांडवातच दोन मुली दाखवल्या. मी म्हटलं, बदली होणार आहे, बघू. माझी बदली मी तिला इतक्या वेळा सांगितली आहे, की तिच्या हिशेबाने मी अख्खा देश फिरून झालो असेन.

तरी मी त्याच्या घरी जायचं सोडलं नाही. सुट्ट्या जुळल्या की मोटारसायकल काढून दरेकसा गाठायचो. खाटा आता वेगळ्या होत्या, तो आत झोपायचा, मी पडवीत. तो मला नावाने बोलायचा, मी त्याला काहीच म्हणत नसे. ‘अरे’, ‘ऐक’, नाहीतर नुसतं खाकरायचं. पण त्या घरात मला ताट होतं, फूलदाईच्या हातचं जेवण होतं, आणि तो समोरून चालताना दिसायचा. भिकाऱ्याला काय, शिळंही चालतं.

मागच्या हिवाळ्यात त्याची सुट्टी संपली, माझी थोडी बाकी होती. सकाळच्या गाडीने तो गोंदियाला जाणार होता आणि तिथून पुढे. त्याला स्टेशनवर कोणी सोडायला आलेलं आवडत नाही, म्हणून तो पिशवी खांद्यावर टाकून एकटाच निघाला. तो गेल्यावर त्याच्या बायकोला खुंटीवर शिदोरी दिसली. पहाटे उठून केलेल्या भाकरी आणि चटणी, कापडात बांधलेली. मी गाडी काढली, ती मागे बसली, आणि आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी बोगद्यातून बाहेर पडून थांबत होती.

तो फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, पाठमोरा. त्याच्यासोबत पलीकडच्या गावचे दोन जवान होते, तेही सुट्टी संपवून निघालेले. ती फलाटावर थोडी धावली, मग पायात चप्पल अडकली. “अवो,” ती म्हणाली. तेवढीच तिची हाक. इंजिनाच्या भोंग्यात ती तिच्या जवळ उभ्या असलेल्या मलासुद्धा नीट ऐकू आली नाही. ती माझ्याकडे वळली. “तुमी बोलवा ना, भाऊ. जोरानं.”

मी बोलवायला छाती भरून घेतली. आणि मग उभाच राहिलो. नाव मी सोडलं होतं, म्हाताऱ्याने सांगितलं तसं, मेल्यावरही नाही. ‘महापरसाद’ हा शब्द त्याने माझ्याकडून काढून घेतला होता, आणि त्याच्या बाजूला दोन फौजी उभे होते. त्याला हाक मारायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. जगातल्या कोणत्याही माणसाला मी हाक मारू शकलो असतो, त्याला सोडून. तो डब्यात चढला. गाडी हलली. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

ती शिदोरी छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मनात काहीतरी जुळवून बघत होती.

“नाव नाही घेत, ते समजलं,” ती म्हणाली. “पन महापरसाद म्हणता येते ना. माह्या बापाचा महापरसाद आहे. दोघं म्हातारे झाले, अजून एकमेकाचं नाव नाही घेतलं. आणि हे तर तुमचं नाव घेतेत. लग्नातबी घेतलं. तुमचं काऊन तुटलं?”

मी म्हटलं, काही नाही, फौजेत असं चालत नाही.

“कायले नाही चालत?”

वाटलं, काहीतरी खोटं लगेच बोलावं, त्यात तर मी पटाईत आहे, आयुष्यभर तेच केलं. पण गाडी वळणाआड जात होती, मी तिकडे पाहत होतो, आणि माझे डोळे भरून आले. पुसायचंही सुचलं नाही. बायका असं रडणं ओळखतात. ते भावासाठीचं नसतं.

फलाट रिकामा झाला होता. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शिदोरी माझ्या हातात दिली.

“खाऊन घ्या. वाया जाईल,” ती म्हणाली. “आणि आता येऊ नका. मी सासूले काही नाही सांगत. पन तुमी येऊ नका.”

तिचा आवाज चढला नव्हता. ती मोटारसायकलवर बसली नाही, पायीच घराकडे गेली. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तिच्या जागी मी असतो तर एवढंही नीट बोललो नसतो. ती शिदोरी मी रस्त्यात खाल्ली. चटणी तिखट होती. त्याला तशीच लागते.

त्यानंतर मी गेलो नाही. मंडई झाली, तरी गेलो नाही. त्याचाही फोन नाही. त्याला तिने सांगितलं असेल किंवा नसेल. आमच्यात विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

फूलदाई मात्र फोन करते. तिला या कशातलं काही माहीत नाही. ती ओरडून बोलते, आवाज दरेकश्यापासून इथपर्यंत स्वतःच्या जोरावर पोचवायचा आहे अशी. काऊन येत नाहीस, कायले रागावला, माह्या पोरानं काही बोललं का. मी म्हणतो, सुट्टी मिळत नाही, फूलदाई. मग ती त्याच्याबद्दल सांगत बसते. तो कसा आहे, त्याची बदली कुठे झाली, त्याला खोकला झाला होता, त्याला झालेलं लेकरू त्याच्यावर गेलं आहे. प्रत्येक वाक्यात ती त्याचं नाव घेते. आईच ती, तिला कोणी अडवलेलं नाही. जितक्या वेळा घेते तितक्या वेळा मी ऐकतो. माझ्याजवळ बोलायला काही नसतं, तरी मी फोन ठेवत नाही.